बाबांच्या दंडावरचा डाग आणि अंगठ्याची शाई

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ५१ वर्षांच्या, पनवेलला नोकरी करतात. माहेर सांगली जिल्ह्यातलं. वडील ८१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून वडील गावी मोठ्या भावाकडे. मागच्या आठवड्यात ते बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, त्याच संध्याकाळी ताई पोचल्या. आज हॉस्पिटलातला आठवा दिवस. गेल्या गणपतीत ५८ किलो असलेले बाबा आता ४७. दोन्ही हातांवर निळेजांभळे डाग, आणि डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला बोटं उमटल्यासारखा एक. आयुष्यभर झोकात सही करणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला निळी शाई. दादा खोलीत आला की बाबा गप्प. एका रात्री म्हणाले, "मला परत त्या मागच्या खोलीत नेऊ नका." दादा म्हणतो त्यांना भ्रम झालाय. नवरा म्हणतो माहेरच्या भानगडीत पडू नकोस, वाटणीसाठी आली म्हणतील. ताई विचारतात: दादा बाबांना मारतो का? की मीच वाईट मनाची आहे? डिस्चार्ज मिळाला की सरळ पनवेलला आणू का? पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "रात्री सलाईन आणि लघवीची नळी ओढतात म्हणून हात बांधून ठेवतात, पण निदान इथे तरी ते सुरक्षित आहेत."

प्रिय ताई,

पहिल्यांदा पत्र वाचलं तेव्हा माझंही लक्ष दंडावरच्या डागावर आणि शाईवरच गेलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र शेवटच्या वाक्यावर अडकले. हात बांधून ठेवतात, आणि सुरक्षित आहेत. मधे फक्त एक स्वल्पविराम. सरकारी हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेवक म्हणून २६ वर्षं काढली त्यामुळे हे वाक्य कुठून येतं ते मला चांगलं ठाऊक आहे, वॉर्डात पाऊल टाकलं की आपण सगळं सिस्टर आणि डॉक्टरांच्या हवाली करतो आणि डोळे मिटून घेतो. तर आधी तिथलंच बघू, दादाकडे नंतर येऊ, कारण दादाचं काय ते ठरेल तेव्हा ठरेल, बाबांचे हात आज रात्री परत बांधले जाणारेत.

आज संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांना शांतपणे विचारा, हात बांधायची लेखी ऑर्डर आहे का, केसपेपरवर कुणाची सही आहे, किती किती वेळाने सोडून बघतात. भांडायच्या सुरात नको, माहिती हवीये अशा सुरात. बऱ्याचदा उत्तर येतं की ऑर्डर वगैरे काही नाही, नाइटला एकच सिस्टर असते, पेशंट नळ्या काढतो मग गॉझ घेऊन बांधतात. त्या सिस्टरची अडचण खरी असते, तीस पेशंट आणि एक बाई, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. बांधलेला म्हातारा माणूस जास्त बिथरतो, जास्त ओढतो, मनगटं सोलवटतात, आणि मग झोपेचं इंजेक्शन येतं. त्यापेक्षा तुम्ही किंवा दादा, कुणीतरी रात्री जवळ बसा. चष्मा डोळ्यांवर, कानाचं मशीन असेल तर कानात, एक मंद दिवा चालू, समोर दिसेल असं घड्याळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लघवीची नळी आठव्या दिवशी अजून का आहे ते विचारा. गरज संपल्यावरही नळी राहून जाते, कारण ती काढली की कुणाला तरी दर दोन-तीन तासांनी पॉट द्यावा लागतो. नळी राहिली की इन्फेक्शन, इन्फेक्शन झालं की भ्रम वाढतो. ती निघाली तर रात्रीचं हात बांधायचं अर्ध कारणच निघून जाईल.

भ्रमाबद्दल. दादा म्हणतो तो खोटं बोलत नसेल. ऑपरेशननंतर, तेही खुब्याच्या, या वयात भ्रम होणं अगदी नेहमीचं आहे, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. सकाळी माणूस नीट बोलतो, पेपर मागतो, आणि दिवेलागणीला मेलेल्या भावाला हाका मारतो. म्हणून रात्री दोन वाजता बाबा जे बोलले ते जसंच्या तसं पुरावा म्हणून धरू नका. पण ते टाकूनही देऊ नका. भ्रमातलं बोलणं बरेचदा खऱ्या गोष्टींचेच तुकडे असतात, उलटेसुलटे जोडलेले. मागची खोली खरी आहे ना? तिथे काय आहे, खिडकी आहे का, तिथून बाथरूम किती लांब, रात्री हाक मारली तर पुढच्या खोलीत ऐकू जाते का? तुम्ही गणपतीत गेलात तेव्हा बाबा कुठे झोपत होते हे तुम्ही लिहिलं नाहीये. आठवून बघा.

आता वजन. तुम्ही लिहिलंय "वयानं वाळणारच म्हणा, पण तरी." ते "पण तरी" बरोबर आहे. वय होणं आणि खंगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडे ८१ व्या वर्षी सायकलवर दूध आणायला जाणारे पण आहेत आणि ६८ ला पलंग धरलेले पण. या खंगण्याला डॉक्टर फ्रेल्टी म्हणतात. २००१ साली अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पाच खुणा ठरवल्या: न ठरवता वर्षभरात साडेचार किलोच्या वर वजन जाणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं, हिंडणंफिरणं कमी होणं. पाचातल्या तीन दिसल्या तर माणूस फ्रेल, एक-दोन दिसल्या तर उंबरठ्यावर. बाबांचं ११ किलो गेलंय. बाकीच्या चार तुम्हीच आठवा, पाण्याचा तांब्या एका हातानं उचलता येत होता का, देवळापर्यंत जायचे ते कधी बंद झाले.

हे एवढं सांगायचं कारण असं की खंगलेल्या माणसाच्या बाबतीत एक विचित्र गोची होते. त्याच्या अंगावर जे काही दिसतं त्या प्रत्येकाला एक साधं, निष्पाप कारण तयारच असतं. डाग? कातडी पातळ झालीये. वजन? भूकच नाही हो त्यांना. गप्प बसतात? ऐकू कमी येतं. पडले? तोल जातो. प्रत्येक कारण खरं असू शकतं, म्हणूनच कुणी पुढे विचारत नाही, डॉक्टरसुद्धा वयोमानाने असं लिहून पुढच्या पेशंटकडे जातात. आणि दुसरीकडे तोच माणूस चहापासून संडासापर्यंत एका घरावर, बरेचदा एकाच माणसावर अवलंबून, तो तक्रार करणार कुणाकडे आणि रात्री परत कुणाच्या हातचं पाणी पिणार? बाहेरच्या चार माणसांनी त्याचं अख्खं शरीर, पाठ, टाचा, सगळं उजेडात बघितलंय असं वर्षानुवर्षं होत नाही. ते होतं फक्त हॉस्पिटलात. म्हणून हे आठ-दहा दिवस मोलाचे आहेत, आणि तुम्ही ते व्हरांड्यात बसून दादा दोषी की मी दोषी यात घालवू नका.

डागांचं सरळ सांगते. तुम्ही लिहिलंय बाबांची मागे अँजिओप्लास्टी झालीये, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी चालू असणार. मग मनगटापासून कोपरापर्यंतचे निळेजांभळे डाग, त्यात आठ दिवस सलाईनच्या सुया, याचा मी काहीच अर्थ काढणार नाही. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरा मोस्केडा या डॉक्टरांच्या टीमनं १०१ वयस्कर माणसांच्या अंगावरच्या साध्या, अपघाती डागांचा रोजच्या रोज मागोवा घेतला होता. जवळजवळ ९० टक्के डाग हातापायांवरच होते. मान, कान, कुल्ले, तळपाय, गुप्तांग इथे एकही नाही. दुसरं म्हणजे रंगावरून डाग किती दिवसांचा हे ठरवता येत नाही असंही दिसलं, पिवळा म्हणजे जुना हा आपला सगळ्यांचा समज चुकीचा, काही डाग पहिल्याच दिवशी पिवळे होते. तेव्हा तुम्ही दादाला "हा पिवळा पडलाय म्हणजे आधीचाच आहे" असं म्हणाला असाल तर तो मुद्दा सोडून द्या. खुब्याच्या बाजूला काळंनिळं असणारच, ऑपरेशन झालंय. चेहरा, कानामागे, मान, पाठ, छाती इथे काही आहे का ते स्पंजिंगच्या वेळी सिस्टरसोबत बघा.

दंडाच्या आतल्या बाजूचा बोटांचा डाग वेगळा. तो धरल्याचा आहे. पण धरलं कुणी आणि का, हे डाग सांगत नाही. रागानं आवळलेला दंड आणि बाथरूमच्या ओल्या फरशीवरून ४७ किलोचा माणूस एकट्यानं ओढून उठवताना धरलेला दंड, दोन्ही सारखेच उमटतात. वॉर्डातल्या नवख्या मामांनी काखेत हात घालायच्या ऐवजी दंड धरून पेशंट ओढला की अस्साच डाग पडतो, मी स्वतः बघितलाय. अॅडमिट करतानाच्या नोंदीत हा डाग आहे का ते बघा. त्यात नसेल तर कदाचित हॉस्पिटलातलाच असेल.

शाईचंही तेच. तुमच्या डोक्यात लगेच बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र आलं असणार, माझ्याही आलं. पण हाताला सलाईन असेल, सही जमत नसेल तर ऑपरेशनच्या संमतीपत्रावर अंगठा घेतात, आणि तुम्ही पोचलात त्याच दिवशी ऑपरेशन झालं होतं. आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर बँकही अंगठ्यावर पैसे देते, फक्त दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. म्हणजे तपासायला सोपं आहे. संमतीपत्र केसपेपरला लावलेलं असतं, ते आधी बघा, बहुतेक तिथेच विषय मिटेल. नाही मिटला तर बाबा शुद्धीत असताना त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनं पासबुक भरून घ्या. आणि घरजमिनीचं म्हणाल तर नोंदणी झालेला दस्त लपून राहत नाही, नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करता येतो, सातबाऱ्याचे फेरफार ऑनलाइन दिसतात, घरी बसून अर्ध्या तासाचं काम. हे करण्यात काही पाप नाही. फक्त हे आधी करा, दादावर आरोप नंतर, उलट क्रमानं केलंत तर शाई संमतीपत्राची निघाली तरी तोंडातून गेलेला शब्द परत येणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, दादा मारतो का. मला माहीत नाही. पण हा प्रश्न फार अरुंद आहे असं मला वाटतं. आपल्या डोक्यात छळ म्हणजे मारहाण किंवा सिनेमातली सून. वॉर्डात मी जे बघत आले त्यात हात उचललेला क्वचितच असायचा. जास्त करून काय असायचं तर वेळेवर न दिलेलं जेवण, न बदललेलं अंथरूण, "आत्ताच तर जाऊन आलात ना" म्हणून टाळलेली संडासची हाक, पाणी कमी द्यायचं म्हणजे लघवीला कमी उठतील, झोपेची गोळी अर्धीच्या जागी एक, चष्मा तुटलेला तो सहा महिने तसाच, आणि माणसासमोरच "आता काय, चाललंय" असं बोलणं. यातलं कुठलंही एक केल्यानं कुणी राक्षस होत नाही, आपण सगळ्यांनी दमलेल्या दिवशी यातलं काही ना काही केलेलं असतं. पण रोजचं झालं आणि माणूस आधीच खंगलेला असला तर ११ किलो असेच जातात. जागतिक आरोग्य संघटना जो आकडा देते, वर्षभरात साठीच्या वरच्या सहा जणांमागे एकाला कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसावा लागतो, त्यात हे दुर्लक्षही धरलंय. आपल्याकडे २०१७-१८ च्या मोठ्या सरकारी पाहणीत, लासी म्हणतात तिला, साधारण ५ टक्केच वृद्धांनी वाईट वागणूक मिळते असं सांगितलं. मला ते पाच टक्के वाचून दिलासा वाटत नाही. घरात बसून, सून आत भांडी घासतेय आणि कुणी अनोळखी माणूस विचारतोय, तेव्हा कोण हो म्हणेल हो?

म्हणून पहिलं काम, बाबांशी एकांतात दहा मिनिटं. दादाला बाहेर जा म्हणायची गरज नाही, डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, ते तपासताना नातेवाईकांना बाहेर थांबायला सांगतातच, कुणाला काही वाटत नाही. वेळ सकाळची, नाश्त्यानंतरची, भ्रम तेव्हा कमी असतो. चष्मा घाला, पलंगाच्या पातळीला बसा, घाई नको. आणि "दादा मारतो का" हे विचारू नका. बाप मुलाविरुद्ध असं हो म्हणत नाही, शिक्षक तर अजिबात नाही. साध्या रोजच्या गोष्टी विचारा. सकाळी उठल्यावर पहिला चहा किती वाजता मिळतो? दुपारी कोण असतं घरी? आंघोळ कोण घालतं? जेवण पुरतं का? औषधं कोण देतं, चष्म्याचं कधी म्हणालात तर आणून देतात का? तुमच्याशी कुणी असं बोलतं का की मनाला लागतं? कुणी न विचारता कागदावर सही, अंगठा घेतलाय का? कुणाची भीती वाटते का? कॅनडात डॉक्टरांसाठी अशीच सहा प्रश्नांची यादी केलेली आहे, पाच पेशंटला विचारायचे आणि सहावा डॉक्टरनं स्वतःच्या मनाला, याच्याकडे बघून मला काही खटकतंय का. तुम्हीही तो सहावा विचारा, मात्र पाच ऐकून झाल्यावर.

एक प्रश्न मात्र नक्की: पडल्यावर किती वेळ खाली पडून होता? मग केसपेपरवर अॅडमिट झाल्याची वेळ बघा. वीस मिनिटं आणि पाच तास यात सगळा फरक आहे. पहाटे पडले आणि दुपारी आणले असतील तर मधे काय झालं ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तसंच आल्या दिवशी पाठीवर, माकडहाडावर जखम होती का? बेडसोअर असेल आणि पहिल्याच दिवशीच्या नर्सिंग नोटमध्ये लिहिलेला असेल तर तो घरचा. नंतरचा असेल तर बहुतेक हॉस्पिटलचा. पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितले तर डॉक्टरांनी ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला हवेत, हा नियम २००२ पासून आहे. काउंटरवर उडवाउडवी झाली तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. डागांचे फोटो काढायचे तर बाबांना विचारून, तारखेसह, आणि कृपा करून फॅमिली ग्रुपवर नको. दोन काकू आणि एक आत्या त्यात पडल्या की बाबा राहतील बाजूला.

आता दादा. आणि तुम्ही. हे जरा लागेल कदाचित. तुमच्या तीन पानी पत्रात वहिनींचा उल्लेख एकदाच आहे, "वहिनी डबा आणते." चार वर्षं बाबांचं अंथरूण कोण घालत होतं ताई? दादा दिवसभर दुकानात असतो असं तुम्हीच लिहिलंय. मग बाबांना उचलणारे, संडासला नेणारे हात कुणाचे? त्या बाईला कुणी विचारलंय का की तुझी कंबर कशी आहे, तुला शेवटचं माहेरी कधी जायला मिळालं? मी वहिनींची वकिली करत नाहीये. दमलेली माणसंच बरेचदा आवाज चढवतात, हात आवळतात, आणि दमणुकीमुळे ते माफ होत नाही. पण दमणूक हे कारण असेल तर उपाय निघतो, हाव हे कारण असेल तर कायदा लागतो, आणि यातलं कोणतं हे वहिनींशी चहा घेतल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये न्या, दादा नसताना. "बाबांचं सगळं तूच बघतेस, सगळ्यात जड काय जातं?" एवढंच विचारा आणि मग गप्प बसा, खरंच गप्प.

नवरा म्हणतो वाटणीसाठी आली म्हणतील. म्हणतील की. म्हणू देत. तुमची काळजी जर खरंच बाबांची असेल तर वाटणीचा विषय तुम्ही स्वतः आधी बाजूला ठेवा, दादाला सरळ सांगा, जमिनीचं बाबा बरे झाल्यावर बघू, मला आज फक्त पुढचे तीन महिने कसे काढायचे ते ठरवायचंय. आणि माहेरच्या भानगडीचं म्हणाल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा लेकीला पाहुणी धरत नाही, त्यात मुलं म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघंही. तुमचा हक्क तर आहेच, पण जबाबदारीही तितकीच आहे, कायद्यानं. म्हणून हात हलवत बोलू नका, रक्कम आणि दिवस घेऊन बोला. दिवसाच्या ब्युरोच्या मावशींचे पैसे मी देते. महिन्यातून चार दिवस मी येते आणि त्या चार दिवसांत वहिनी मोकळी. जेवढं निभावेल तेवढंच बोला, अर्ध्यात सोडलंत तर पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही. बाबा सत्तरीच्या वरचे आहेत, आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का तेही बघा, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात, उत्पन्नाची अट नाही, फक्त हॉस्पिटल योजनेत असावं लागतं.

पनवेलला आणायचं का? तुमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद, तुम्ही दोघंही सकाळी आठला बाहेर, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे बाबा दिवसभर एकटे, किंवा अनोळखी केअरटेकरसोबत बंद दाराआड. बाहेरचा माणूस ज्या घरात येतजात नाही तिथे धोका वाढतो, मग ते घर गावचं असो की पनवेलचं, लेकीचं असो की लेकाचं. गावी निदान ओट्यावर चार जण येऊन बसतात. अर्थात बाबा म्हणाले की मला तिथे भीती वाटते, तर मग लिफ्ट वगैरे सगळं बाजूला, सहा आठवडे तरी आणा, ग्राउंड फ्लोअरला भाड्यानं खोली घ्या, काहीही करा. पण ते त्यांनी म्हणायला हवं. शुद्धीत असलेल्या माणसाचं आपण परस्पर ठरवायचं, तेही त्याच्या भल्यासाठी, हाही त्याच्यावरचा एक अन्यायच. आणि त्यांनी जर सगळं ऐकून म्हटलं की मी माझ्या घरीच राहणार, तर तुम्हाला पटलं नाही तरी ते ऐकावं लागेल, मग त्या घरातलं काय बदलायचं ते बघायचं.

गावीच राहायचं ठरलं तर डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, डॉक्टर समोर असताना, दादा-वहिनींसकट बसा. मागची खोली बंद, पलंग पुढच्या खोलीत, हा मुद्दा पहिला. कमोडची खुर्ची पलंगाशेजारी. फिजिओ आठवड्यातून तीनदा घरी, आणि तो फक्त पायासाठी नाही, दर वेळी बाबांना बघणारा एक परका डोळा म्हणून सुद्धा. दर रविवारी वजन, कॅलेंडरवर लिहायचं, ग्रुपवर टाकायचं झालंच तर ते टाका. गोळ्या डब्यात वारानुसार, झोपेच्या गोळीचं डॉक्टरांनी स्वच्छ लिहून द्यावं, चालू की बंद. उचलायचं कसं हे फिजिओकडून वहिनी, दादा, मावशी आणि तुम्ही, चौघांनी शिकून घ्या, म्हणजे दंड धरायचं बंद होईल. आणि त्याआधी, आजपासूनच, बाबांना पलंगावरून उठवा, डॉक्टर हो म्हणत असतील तर. २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात चांगल्या तब्येतीच्या वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं तर फक्त पायांचंच जवळपास किलोभर मांस गेलं, तीही धडधाकट माणसं होती. तुमच्या बाबांकडे घालवायला किलो उरलेला नाहीये.

आणि बाबा जर हो म्हणाले तर? म्हणजे मारतात, उपाशी ठेवतात, अंगठा घेतला. तर तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा, शक्यतो बाबांच्याच शब्दांत, मेडिको-लीगल केस नोंदवता येते. हॉस्पिटलात समाजसेवक असेल तर त्याला गाठा, सरकारी आणि ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत असतो, खासगीत बहुतेक नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते, फुकट आहे, मुलगी म्हणून तुम्हीही फोन करू शकता. जिवाला धोका वाटला तर वाट न बघता ११२. प्रांत कार्यालयात २००७ च्या कायद्याखालचं न्यायाधिकरण असतं, तिथे बाबा स्वतः किंवा ते सांगतील तो माणूस अर्ज करू शकतो, वकील लागत नाही, महिना १० हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिलं असेल आणि सांभाळलं नाही तर तो दस्त रद्द करून मागता येतो, पण ती अट दस्तात लिहिलेली असली तर काम सोपं होतं. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी, ज्यांच्या घरी बक्षीसपत्राची बोलणी चालू आहेत त्यांनी, ते एक वाक्य आत घालून घ्याच. लाजू नका, चांगल्या मुलाचं त्या वाक्यानं काही बिघडत नाही.

तुम्ही वाईट मनाच्या आहात का, हेही विचारलंत. एका डागावरून भावाला गुन्हेगार ठरवून मोकळ्या झाला असतात तर कदाचित हो म्हटलं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत, विचारलंत.

जाता जाता एक. तुम्ही लिहिलंय बाबा हॉस्पिटलचं जेवण नुसतं चिवडतात, पोळी बाजूला सारतात. त्यांची कवळी कुठे आहे? माझा अंदाज आहे की घाईत अॅडमिट करताना ती घरीच कपाटावर राहिली. आठ दिवस हा माणूस दातांशिवाय पोळी-भाजी समोर घेऊन बसलाय आणि सगळे म्हणतायत भूक नाही. आजच वहिनींना सांगून डब्यासोबत मागवा, आणि हातात आली की तोंडात बसते का बघा, ११ किलो गेल्यावर हिरड्याही आकसतात, कवळी सैल झाली असेल. तसं असेल तर ती गेले सहा महिने सैलच असणार, आणि मग वजनाचं निम्मं कोडं तिथेच सुटेल. तोपर्यंत मऊ भात, घट्ट वरण, अंडं चालत असेल तर अंडं, दह्यात कालवलेलं काहीही. भरवताना घाई नको. संमतीपत्रावर अंगठा आहे की सही, ते बघितलंत की मला दोन ओळी लिहा.